ओमा तालमीला गेलीय

"डॉक्टर, हे डोक्याला लावून झोपलं तर लॅटिनमध्ये पास होता येतं का?"

विचारलं! खरंच विचारलं मी! माझ्या मैत्रिणींनी, मेर्ले आणि दिलारानं, शाळेच्या अंगणात पैज मारली होती की तालेया काही विचारायची नाही, कारण त्या दोघींच्या डोक्यात अजून जुनीच तालेया बसलीय. बेकरीत "दोन पाव द्या" म्हणताना जिचे कान लाल व्हायचे, ती. गेल्या सप्टेंबरात वर्गानं मला प्रतिनिधी निवडलं, एकोणीस विरुद्ध आठ मतांनी, आणि तेव्हापासून माझा आवाज असा काही मोकळा झालाय की आई म्हणते, "हिचं बंद करायचं बटण कुठंय तेवढं कुणी सांगा."

डॉक्टर अमीरी ओपाच्या कपाळाला गार जेल लावत होत्या. त्या हसल्या नाहीत. उलट अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "लॅटिनचा अभ्यास केलायस का?"

"तसा... फारसा नाही."

"मग काही उपयोग नाही. ही तारांची टोपी डोक्यात नवीन काही घालत नाही. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात. त्या लाटांच्या तालावर आम्ही अगदी बारीक वीज सोडतो, कळणारही नाही इतकी. झोपायच्या आधी मनात जे उतरलंय ते त्यानं जास्त पक्कं बसतं, असा आमचा अंदाज आहे. अंदाज हं. तोच तर तपासतोय."

पलंगावरून ओपा म्हणाला, "लाटांचं मला नका सांगू, बाई. चौतीस वर्षं फेरीबोट चालवलीय."

"म्हणून तर तुम्हाला घेतलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि तिघंही हसलो. मार्चमधला तो पहिला गुरुवार होता. एवढं मनापासून आम्ही त्या खोलीत नंतर हसलो नाही.

ओपा म्हणजे माझ्या बाबांचे वडील, हिनरिक. ट्राफेम्युन्डमध्ये आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतो. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं आणि गाड्या नेण्यात त्याचा जन्म गेला, आणि जन्मभर रोज दुपारी जेवल्यावर तो तासभर झोपत आलाय. त्या वेळी आमच्या घरात कुणी शिंकलं तरी माफी मागायची पद्धत होती. दोन वर्षांपूर्वी तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. ल्यूबेक शहरातल्या झोपेच्या प्रयोगशाळेला नेमके असेच लोक हवे होते, ज्यांचं विसरणं नुकतं सुरू झालंय आणि ज्यांना दुपारची झोप लागते. कागदावर सही ओपानं स्वतः केली. आठ गुरुवार यायचं होतं. गुरुवारी माझी शाळा लवकर सुटते, म्हणून त्याला बसनं न्यायचं काम माझ्याकडे आलं.

तिथं झोपेआधी त्याला चित्रांच्या वीस जोड्या दाखवायच्या. छत्री आणि लिंबू. घोडा आणि शिडी. मग टोपी, मग झोप, आणि उठल्यावर विचारायचं, छत्रीबरोबर काय होतं? नियम एकच, त्या आधीच्या तासाभरात त्याच्याशी नवीन, वेगळं काही बोलायचं नाही. हवापाण्याच्या गप्पा चालतील. डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी दोनदा "हो" म्हटलं होतं.

आता ओमाचं सांगायला हवं.

माझी आजी गेझीना नोव्हेंबरात गेली. स्वयंपाकघरात पडली, तीन दिवस दवाखान्यात होती, आणि चौदा तारखेला संपलं. ओपाला हे सांगितलेलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलेलं होतं. दहा मिनिटांनी तो परत विचारायचा, "गेझीना कुठाय?" आणि परत सांगितलं की परत तसाच रडायचा, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. शेवटी घरी येणाऱ्या सल्लागार बाईंनी आईला सुचवलं की माणूस ज्या जगात आहे त्याच्याशी भांडू नका. दुसऱ्या दिवशी ओपानं विचारल्यावर बाबा म्हणाले, "तालमीला गेलीय."

ओमा चर्चमध्ये गायची. दर गुरुवारी तालीम असायची. "हां, मग येईलच," ओपा म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

बस्स. त्या दिवसापासून ओमा तालमीला गेलीय. सोमवारी, मंगळवारी, रोजच. चार महिने चालली ती तालीम. ओपा रोज सकाळी टेबलावर दोन कप मांडायचा, आणि दुपारी आई त्यातला कोरडा कप उचलून परत फडताळात ठेवायची.

चौथ्या गुरुवारी आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. ओपा एकदम उठला आणि जाकीट घालायला लागला.

"कुठं निघालास?"

"घरी. गेझीना यायची वेळ झाली."

"ती तालमीला गेलीय, ओपा. बस ना."

"तेच म्हणतोय मी! एकला सुटते तालीम." त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या नाकासमोर धरली. "ही बघ. किल्ली माझ्याकडे. ती दाराबाहेर उभी असणार. गारठ्यात."

"आई असेल घरी."

"तुझी आई कामावर असते. मी विसरतो गं, पण वेडा नाहीये."

हे मात्र खरं होतं. आई कामावर होती. मी म्हटलं, शेजाऱ्यांकडे बसेल. तो म्हणाला, शेजारीण आणि ती बोलत नाहीत, एकोणनव्वद सालापासून. मी म्हटलं, फोन करते. तो म्हणाला, कर. कर ना, आत्ता कर. आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

समोरच्या खुर्चीतल्या दोन बायका आमच्याकडे बघत होत्या. आतून डॉक्टरांच्या चपलांचा आवाज येत होता. तो निघून गेला असता तर तो गुरुवार फुकट जाणार होता. आणि मला वाटलं, मी हे नीट हाताळीन. हल्ली मला सगळंच हाताळता येईल असं वाटायचं. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "ओपा, ओमा दाराबाहेर उभी नाहीये. ओमा गेली. नोव्हेंबरात. ती नाहीये आता."

तो बसला. किल्ली हातात तशीच.

"असं," तो म्हणाला.

रडला नाही. किल्ली परत खिशात ठेवली. मग म्हणाला, "थंडी होती का तेव्हा?"

"हो."

"असं."

दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "या, हिनरिक." तो मुकाट उठून आत गेला. मी मनात म्हटलं, दहा मिनिटं. दहा मिनिटांनी त्याला यातलं काही आठवणार नाही, छत्री आणि लिंबू बघता बघता पुसलं जाईल. डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही. काचेतून बघितलं तर तो टोपी घालून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. एरवी उताणा झोपतो तो, घोरतो. त्या दिवशी घोरला नाही.

उठल्यावर वीसपैकी सात जोड्या आल्या. नेहमीएवढ्याच. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला. मला वाटलं, दमलाय.

शुक्रवारी सकाळी आई खाली पाव द्यायला गेली आणि लगेच वर आली. चेहरा पांढराफटक.

"एकच कप मांडलाय," ती म्हणाली.

बाबा दाढी करत होते. अर्धा फेस गालावर घेऊन खाली धावले. मी जिन्यातच उभी राहिले. ओपाचा आवाज ऐकू आला, शांत, रोजच्यासारखा. "गेझीना नाही ना आता. मग दुसरा कप कशाला?"

शनिवारी पण एकच कप. रविवारी पण. चार महिन्यांत जे एका तासासाठी टिकलं नव्हतं ते आता झोपेतून उठून, रात्र ओलांडून, पुन्हा उठून तिथंच होतं. घोडा नाही, शिडी नाही, हेच. त्यानं दाढी केली नाही. पडदे उघडले नाहीत. आईनं केलेलं सूप वाडग्यातच साय धरून बसलं. टीव्हीवर फुटबॉल लागला होता आणि ओपा पाठ करून बसला होता! आमच्या घरात ही गोष्ट कुणाला सांगितली तर खोटी वाटेल.

"कुणी सांगितलं त्याला?" बाबा तीन दिवस हेच विचारत होते. शेजारणीनं? पोस्टमननं? चर्चमधल्या कुणी? मी पावावर लोणी लावत होते. एका पावावर किती लोणी लावता येतं हे त्या तीन दिवसांत मला नीट कळलं. मेर्लेनं मेसेज केला, "पैजेचं आइस्क्रीम कधी खायचं?" मी फोन उलटा ठेवला.

रविवारी दुपारी मी खाली गेले. ओपा खिडकीजवळ बसला होता, बंद पडद्याकडे बघत.

"ये पोरी," तो म्हणाला. "तूच सांगितलंस ना मला?"

"तुला आठवतंय?"

"तुझे हात गार होते." मग तो वळला. "मला एक सांग. तिला पुरलं तेव्हा मी कुठं होतो?"

"तू होतास ना. तिथंच."

"खोटं बोलू नकोस. मी असतो तर मला आठवलं असतं." बोलता बोलताच तो थांबला. कपाळावर हात फिरवला. "हं. नसतंच आठवलं. मग सांग. मी काय करत होतो?"

मी म्हटलं, "राहू दे ना, ओपा."

"पन्नास वर्षं संसार केला मी त्या बाईबरोबर. सांग."

म्हणून मी सांगितलं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर तू माझ्या शेजारी होतास. आईनं तुझा काळा टाय बांधला होता. ओमाच्या बरोबरच्या बायका गायल्या आणि दुसऱ्या ओळीत तिची जागा रिकामी ठेवली होती. गाणं संपलं, सगळीकडे शांत झालं, आणि तू मोठ्यानं विचारलंस, "कोण गेलं म्हणे?"

ओपानं डोळे मिटले. "मग?"

"बाबा वाकून म्हणाले, ओळखीच्या एक बाई. तू म्हणालास, बिचारी."

"मग?"

"मग बाहेर खूप वारा होता. तू तीन मुठी माती टाकलीस. नीट टाकलीस, ओपा. टोपी काढून. मग हॉलमध्ये कॉफी होती आणि लोण्याचा केक." अंत्यविधीनंतर आमच्याकडे तोच असतो. "तू दोन तुकडे खाल्लेस. छान झालाय म्हणालास." पुढचं मला बोलवेना, पण तो थांबून होता. "आणि म्हणालास, एक तुकडा बांधून द्या. गेझीनाला आवडतो."

"दिला?"

"मी बांधून दिला. कागदी रुमालात."

आता तो रडला. मोठ्या माणसाला मी तसं रडताना पाहिलं नव्हतं, आवाज न करता, तोंड उघडं, खांदे हलताहेत नुसते. मला वाटलं, आपण हे काय करून ठेवलं. चांगला पेपर वाचत बसायचा, मग येईलच म्हणायचा, आणि मी त्याचं ते सुख हिसकावून घेतलं. मी म्हटलं, "माफ कर. माफ कर मला. तू विसरशील, ओपा. थोडे दिवस फक्त. मग विसरशील."

त्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

"विसरायचं नाहीये मला! कळतंय का तुला? ती गेली आणि मी केक खाल्ला. तिच्यासाठी रडायचं काम माझं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी केलं. आणि मी इथं बसून तिला शिव्या देत होतो, मेली अजून कशी येत नाही तालमीहून म्हणून." दम लागला त्याला. मग हळू आवाजात म्हणाला, "येत्या गुरुवारी तिकडे गेलो की झोपायच्या आधी हेच सांग मला. गाणं, वारा, माती, सगळं. केकसुद्धा. छत्री आणि लिंबू माझ्या काय कामाचे?"

सोमवारी शाळेत मी कुणाशी बोलले नाही. दिलारानं विचारलं, "घसा बसलाय का प्रतिनिधींचा?" आणि मग माझं तोंड बघून तिनं आपलं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.

मंगळवारी शाळेतून थेट ल्यूबेकची बस पकडली आणि डॉक्टर अमीरींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो गुरुवार मला मोजता येणार नाही," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवावं लागेल."

"त्या दिवशी वीज सुरू होती का?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"काही गुरुवारी टोपी असते पण वीज सोडतच नाही. तुलना करायला. कुठला गुरुवार कसा, ते मलाही सांगत नाहीत. सगळं संपल्यावरच कळेल."

"म्हणजे यंत्रानं झालं नसेलही?"

"नसेलही. असेलही. एवढं मोठं दुःख कधीकधी आपलं आपणच रुतून बसतं. तालेया, मी तुला खोटं सांगणार नाही. ते किती टिकेल तेही मला ठाऊक नाही."

मग मी विचारलं, चित्रांच्या ऐवजी त्याला अंत्यविधी सांगता येईल का. त्यांनी मान हलवली. सगळ्यांना तीच चित्रं, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही. एका माणसासाठी त्या ते बदलू शकत नाहीत. निघताना मात्र दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना थांबायचं असेल तर ते कधीही थांबू शकतात. कारण द्यायचीही गरज नाही. आणि राहायचं असेल तर चार गुरुवार अजून आहेत. उपयोग झाला तर इतरही गोष्टी जास्त लक्षात राहतील कदाचित. तू त्यांनाच विचार."

घरी आल्यावर विचारलं. ओपा म्हणाला, "छत्री-लिंबू त्यांना परत दे. तू इथं बस."

संध्याकाळी टेबलावर पाव, चीज, काकडीचं लोणचं. बाबांनी विचारलं, "आज काही बोलला का?"

"नाही," आई म्हणाली. "सूप तसंच. मला भीती वाटते, टॉर्बेन. असाच खंगून जाईल."

"जाईल ते डोक्यातून. आठवडाभर लागेल, फार तर दोन. कुणी विषय काढू नका. कपांकडे लक्ष देऊ नका. गुरुवारी नेहमीसारखं तालेया त्याला घेऊन जाईल, आणि त्यानं विचारलं की सगळ्यांनी एकच सांगायचं, तालमीला—"

"मी सांगितलं त्याला," मी म्हटलं.

काटा ताटलीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"प्रयोगशाळेत. गुरुवारी, झोपायच्या आधी. तीन दिवस तुम्ही विचारत होतात आणि मी गप्प बसले. मीच होते ती."

मला वाटलं बाबा ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, नुसता हातात धरून बसले. "तू एकदा सांगितलंस," ते म्हणाले. "मी सतरा वेळा सांगितलं होतं. मोजलंय मी. सतरा वेळा तो पहिल्यांदाच रडला, आणि सतरा वेळा माझी आई माझ्याच तोंडून मेली. अठराव्यांदा माझ्याच्यानं होईना. म्हणून तालीम. तुला वाटतं मला मजा येते?"

मला हे माहीतच नव्हतं. सतरा. बाबा जिन्यावरून वर यायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "झोपला." आम्ही जेवायला बसायचो. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी पण उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि माझा आवाज, तो वर्गात घुमणारा आवाज, इतका बारीक झाला की मलाच नीट ऐकू येईना. पण थांबला नाही.

"गुरुवारी मी त्याला ल्यूबेकला नेणार नाही. डॉक्टरांना ओपा स्वतः फोन करणार आहे, मी नंबर लावून देईन. उद्यापासून शाळा सुटली की मी खाली जाणार, आणि तो आडवा झाला की त्याला ओमाचा अंत्यविधी सांगणार. सगळा. रोज. त्यानंच मागितलंय. आणि बाबा, त्याचा उद्या परत दुसरा कप निघाला, त्यानं परत विचारलं गेझीना कुठाय, तर तुम्ही काही सांगू नका. मला हाक मारा. अठराव्यांदा मी सांगेन. एकोणिसाव्यांदाही मीच."